बास्केटबॉल जीएम: सामने सिम करून टाका, खरा खेळ प्लेऑफ संपल्यावर

आधीच सांगून टाकते, बास्केटबॉल जीएम (जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, टीम बांधणारा माणूस) या ब्राउझरवरच्या गेममध्ये बॉल हातात येतच नाही. डंक नाही, कॉमेंट्री नाही, ग्राफिक्स म्हणावं असं काही नाही. ब्राउझर उघडला की समोर टेबलंच टेबलं: नाव, वय, रेटिंग, पगार, करार कधी संपतो, बस. एक्सेल शीट बघून ज्याला जांभई येते त्याने इथूनच मागे फिरावं. पण एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, फायनल्स संपल्यावर ज्यांना सीझन संपला असं वाटत नाही, उलट आत्ता कुठे सुरू झाला असं वाटतं, जे जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोणाचा प्लेअर ऑप्शन आहे (कराराचं शेवटचं वर्ष घ्यायचं की नाही हे खेळाडूने ठरवायचं), कोण रिस्ट्रिक्टेड आहे (दुसऱ्या टीमची ऑफर मॅच करून जुनी टीम त्याला ठेवू शकते), कोणाकडे किती कॅप स्पेस (पगाराच्या मर्यादेतली मोकळी जागा) उरलाय याच्या याद्या बघत बसतात, त्या लोकांसाठी यापेक्षा भारी फुकटचा गेम माझ्या तरी बघण्यात नाही.

हो, फुकट. अकाउंट काढायची सक्ती नाही, मोबाईलवर पण चालतो, एकदा लोड झाला की नेट नसताना पण चालतो. जाहिराती दिसतात, त्या नको असतील तर पैसे देऊन सबस्क्रिप्शन आहे, पण त्याने तुमची टीम काही जास्त स्ट्राँग होत नाही, म्हणजे पैसे फेकून जिंकायची भानगड नाही. तुम्ही एका टीमचे जीएम, बाकीच्या टीम कॉम्प्युटर चालवतो, खेळाडू सगळे गेमने तयार केलेले काल्पनिक. खरे खेळाडू पाहिजेत तर तोही पर्याय आहे, आणि त्यात १९४७ पासूनचं कुठलंही साल निवडता येतं. म्हणजे २०१० निवडा, क्लीव्हलँड घ्या, त्यांचा स्टार लेब्रॉन जेम्सचा करार संपतोय, बसा डोकं धरून.

सीझनबद्दल फार बोलत नाही. बटण दाबलं की सामने आपोआप खेळले जातात (यालाच सिम म्हणतात), आठवडा जातो, महिना जातो, कोण जखमी झालं ते कळतं, लाईनअप लावता येते, सामना लाईव्ह बघायचा तर बघता येतो. मी बघत नाही. ट्रेड डेडलाईनच्या (टीमनी आपापसात खेळाडू बदलायची शेवटची तारीख) आसपास जरा थांबायचं, बाकी सरळ प्लेऑफपर्यंत सिम.

मजा आहे ती त्यानंतर. प्लेऑफ झाले की ड्राफ्ट (नवीन खेळाडूंची निवड, त्यातली टीमची एक पाळी म्हणजे पिक), ड्राफ्टनंतर स्वतःचे खेळाडू परत साईन करायची पायरी, मग फ्री एजन्सीचे (करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार) ३० दिवस, आणि मग प्रीसीझन. हा क्रम नीट लक्षात ठेवा कारण गेमची सगळी गंमत या क्रमात आहे. खेळाडूंची रेटिंग वर्षातून एकदा बदलतात आणि ती बदलतात प्रीसीझनमध्ये. म्हणजे तुम्ही करार करून मोकळे झाल्यावर. ड्राफ्ट झाला, ज्याला द्यायचे त्याला पैसे देऊन झाले, फ्री एजंट उचलून झाले, आणि सगळं शिजल्यावर गेम सांगतो की बाबा तुझा हा पोरगा सहा पॉइंट वर गेला आणि तो म्हातारा पाच पॉइंट खाली आला. पैसे दिले गेल्या वर्षीच्या कामगिरीचे, पदरात पडणार पुढच्या वर्षीची. फ्री एजन्सीचं अख्खं दुखणं हेच आहे आणि या गेमने ते एका साध्या क्रमात बसवलंय, त्यासाठीच मी याला डोक्यावर घेते.

माझ्या सध्याच्या लीगमधलं सांगते. एक फॉरवर्ड, वय ३१, रेटिंग ६६. या गेममध्ये ६० च्या पुढे म्हणजे चांगला स्टार्टर आणि ७० च्या वर गेला तर लीगमधलं मोठं नाव, त्यामुळे ६६ म्हणजे माणूस कामाचा. दुसरा एक गार्ड, वय २४, रेटिंग ५८, पोटेन्शियल (पुढे कुठवर जाईल याचा अंदाज) ६५, रूकी करार (ड्राफ्टनंतरचा पहिला करार) संपलेला. दोघांचे करार एकाच उन्हाळ्यात संपले. दोघांना ठेवलं तर लक्झरी टॅक्सच्या (एकूण पगार फार झाला की टीमला बसणारा दंड) रेषेच्या पार, आणि टॅक्स म्हणजे रेषेच्या वर गेलेल्या प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर. मालकाचा मूड आधीच पैशांच्या कॉलममध्ये लाल. फॉरवर्ड परत साईन करायच्या स्क्रीनवर तीन वर्षांपेक्षा कमी करार केला तर जास्त पैसे मागत होता, म्हणजे सरळ सांगत होता की म्हातारपणाची सोय करून दे. गार्डला मात्र टीम आवडत होती, रूकी करार संपवून जो खेळाडू त्याच टीमकडे परत येतो त्याच्या मूडमध्ये गेम बोनस देतो, त्यामुळे तो तसा स्वस्तात पडत होता. मी गार्ड ठेवला, फॉरवर्डला जाऊ दिलं. प्रीसीझन आला, गार्ड ५८ चा ५७ झाला आणि फॉरवर्ड शेजारच्या डिव्हिजनमध्ये जाऊन ६८. काय बोलणार. निर्णय बरोबर होता, फासा उलटा पडला, आणि तो तसा पडू शकतो म्हणूनच तर दर उन्हाळ्याला धडधड होते.

मूड हा प्रकार जरा उलगडून सांगायला पाहिजे, कारण सुरुवातीला लोकांना वाटतं की पैसे दिले की खेळाडू येतो. नाही येत. प्रत्येक खेळाडू तुमच्या टीमकडे बघताना मार्केट केवढं, सोयीसुविधा कशा, टीम जिंकतेय का, टीमची हवा किती आहे हे बघतो आणि या सगळ्याची बेरीज निगेटिव्ह गेली तर तो बोलणीच करत नाही, कितीही पैसे असू देत. त्यात परत स्वभाव आहेत चार: फेम, लॉयल्टी, मनी, विनिंग. मनीवाल्याला बाकी गोष्टींचं फारसं पडलेलं नसतं, योग्य आकडा दिसला की सही. विनिंगवाला हरणाऱ्या टीमकडे ढुंकून बघत नाही. फेमवाल्याला खेळायला मिनिटं पाहिजेत आणि मोठं शहर पाहिजे. लॉयल्टीवाला मिळाला तर त्याला जपा, असे थोडे असतात. छोट्या मार्केटची टीम घेऊन खेळलात तर हे चार शब्द पाठ होतात, कारण तिथे तुमच्या हातात फक्त दोन गोष्टी उरतात, ड्राफ्ट आणि मनीवाले. सोयीसुविधांवर आज खर्च वाढवला तर त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातात, ते आपल्या नंतरच्या जीएमसाठी झाड लावण्यासारखं आहे, फक्त नंतरचा जीएम पण आपणच असतो, जर मालकाने ठेवलं तर.

आणि मालक काढतो बरं का. जिंकणं, प्लेऑफ आणि पैसा या तीन गोष्टींवर त्याचा मूड ठरतो, तिन्ही मिळून फार खाली गेलं की घरी. खऱ्या लीगमध्येही वेगळं काय होतं, डॅलस मॅव्हरिक्सचा जीएम निको हॅरिसनने फेब्रुवारी २०२५ मध्ये टीमचा स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची नोकरी गेली.

डॅलसचा विषय निघालाच आहे तर ब्रन्सनचं उदाहरण पण घ्या, कारण परत साईन करायच्या स्क्रीनवर मला दर वेळी तेच आठवतं. जेलन ब्रन्सनला मॅव्हरिक्स चार वर्षांचं सुमारे ५५.५ मिलियन डॉलरचं एक्स्टेन्शन (करार संपायच्या आधीच तो पुढे वाढवणं) देऊ शकत होते. वेळेवर दिलं नाही, २०२२ मध्ये तो चार वर्षं १०४ मिलियनला न्यूयॉर्क निक्सकडे गेला, आणि तिथे तो टीमचा मोठा स्टार झाला. वर २०२४ मध्ये त्याने निक्सबरोबर १५६.५ मिलियनचं एक्स्टेन्शन केलं, एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे २६९ मिलियनपर्यंत मिळू शकत होते, तरी कमी घेतले, का तर टीमला बाकीचे खेळाडू ठेवता यावेत. हा माणूस गेममध्ये असता तर नावापुढे लॉयल्टी आणि विनिंग दोन्ही लागलं असतं. मुद्दा काय, गेममध्ये सीझन चालू असताना एक्स्टेन्शन करायची सोय नाही, करार संपेपर्यंत थांबावंच लागतं, त्यामुळे स्वस्तात आधीच बांधून ठेवायची जी खरी जीएमगिरी आहे ती इथे हुकते.

फ्री एजन्सीच्या ३० दिवसांत एक जुगार फार सुंदर आहे. साईन न झालेल्या खेळाडूची मागणी दिवसागणिक उतरत जाते. पहिल्या दिवशी जो भरमसाठ मागतो तोच विसाव्या दिवशी मिनिममच्या आसपास येऊ शकतो, फक्त तोपर्यंत दुसऱ्या टीमने उचलला नसेल तर. एक एक दिवस पुढे ढकलत, यादी रिफ्रेश करत, आहे का अजून, आहे, अजून एक दिवस थांबू का, यात वेळ कसा जातो कळत नाही. आणि गेला की मग नुसते स्वतःला शिव्या. मला यात एकच गोष्ट जरा सोपी वाटते, ती म्हणजे पहिला हात आपल्याला मिळतो. फ्री एजन्सी उघडली की कॉम्प्युटरच्या टीम हलायच्या आत तुम्ही यादीतला सगळ्यात चांगला माणूस उचलू शकता, कॅपमध्ये जागा असली आणि त्याचा मूड बरा असला की झालं. खऱ्या लीगमध्ये ३० जूनला संध्याकाळी सहा वाजता बोलणी उघडतात आणि पहिल्या तासाभरात मोठी नावं गायब होतात. वर ६ जुलैपर्यंत मोरेटोरियम, तोपर्यंत सह्या नाहीत, नुसता शब्द. २०१५ मध्ये डिआंड्रे जॉर्डनने डॅलसला शब्द दिला आणि सही व्हायच्या आत परत जुन्या टीमकडे, क्लिपर्सकडे फिरला, क्लिपर्सवाले त्याच्या घरी जाऊन बसले होते. तसला तमाशा गेममध्ये नाही. मला तो हवा होता.

आता खऱ्या कमतरतेकडे येते, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण एनबीएचा उन्हाळा ज्यांना कळतो त्यांना हे खटकणारच.

गेमची मूळ सेटिंग सॉफ्ट कॅपची आहे. कॅपच्या वर असलात तरी स्वतःचा खेळाडू परत साईन करता येतो, मिनिमम पगारावर कोणालाही घेता येतं, ट्रेडमध्ये जेवढा पगार देताय त्यापेक्षा कमी परत घ्यायचा. एवढंच. खऱ्या नियमांचा हा सांगाडा आहे, मांस नाही. समजा मागच्या उन्हाळ्यात एक वर्षासाठी स्वस्तात आणलेला खेळाडू अचानक स्टार झाला. गेममध्ये तुम्ही कॅपच्या कितीही वर असा, त्याला पाहिजे तेवढे पैसे देऊन ठेवता येतं. एनबीएमध्ये पूर्ण बर्ड राइट्ससाठी (कॅपच्या वर जाऊन स्वतःचा खेळाडू ठेवायचा पूर्ण हक्क) तीन सीझन लागतात, एका वर्षाच्या माणसाला कॅपच्या वरून साधारण मागच्या पगाराच्या १२० टक्केच देता येतात, म्हणजे तो तुमच्या डोळ्यांसमोर दुसरीकडे जातो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. मिडलेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असूनही मध्यम पगारावर खेळाडू घ्यायची सूट) गेममध्ये नाही. प्लेअर ऑप्शन, टीम ऑप्शन नाही. पगार दर वर्षी सारखाच, वाढ नाही. रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सी नाही, आणि ही तर फार मोठी गोष्ट सोडली. २०२५ चा उन्हाळा आठवा, जोनाथन कुमिंगा आणि त्याची तेव्हाची टीम वॉरियर्स यांचं गुऱ्हाळ सप्टेंबर संपेपर्यंत चालू होतं, कॅम थॉमस आणि क्वेंटिन ग्राइम्सने शेवटी क्वालिफाइंग ऑफर (जुन्या टीमची एका वर्षाची ऑफर) घेतली, कारण बाजारात कोणाकडे पैसेच उरले नव्हते आणि जुनी टीम ऑफर मॅच करणार हे सगळ्यांना माहीत. अशी कोंडी गेममध्ये तयारच होत नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे एप्रन (टॅक्सच्या रेषेच्याही वरच्या, जास्त कडक रेषा) नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या २०२३ च्या करारानंतर एनबीएचं ऑफसीझन म्हणजे एप्रनच. २०२५-२६ साठी कॅप १५४.६ मिलियन, टॅक्सची रेषा १८७.९ मिलियन आणि सेकंड एप्रन २०७.८ मिलियन. त्या शेवटच्या रेषेच्या वर गेलात की नुसते पैसे जात नाहीत, हातपाय बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पाठवता येत नाही, टॅक्सवाल्या टीमला मिळणारं छोटं मिडलेव्हल पण जातं, सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा पिक गोठवला जातो. बॉस्टनचं काय झालं बघा. २०२४ मध्ये चॅम्पियन, पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये निक्सविरुद्ध त्यांचा स्टार टेटमची अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटली, आणि पगार अधिक टॅक्स मिळून बिल ५०० मिलियनच्या आसपास जाणार असं सगळीकडे छापून येत होतं. मग जरू हॉलिडे पोर्टलँडला, पोर्झिंगिस अटलांटाला, हॉरफर्ड वॉरियर्सकडे, कॉर्नेट सॅन अँटोनियोला. एका उन्हाळ्यात चॅम्पियन टीमची अर्धी बेंच आणि दोन स्टार्टर साफ. गेममध्ये हीच टीम तुमच्याकडे असती तर तुम्ही टॅक्स भरला असता, मालक कुरकुरला असता, पण किताब जिंकत राहिलात तर जिंकण्याचे आणि प्लेऑफचे गुण त्याचं तोंड बंद ठेवतात. त्यामुळे एकदा डायनेस्टी (वर्षानुवर्षं जिंकणारी टीम) बसली की सॉफ्ट कॅपमध्ये ती फार वेळ टिकते आणि खरं सांगायचं तर तिथे गेम थोडा कंटाळवाणा होतो.

एका बाबतीत मात्र गेम एनबीएपेक्षा कडक आहे. खेळाडू सोडला की त्याचा उरलेला करार शेवटच्या वर्षापर्यंत तुमच्या पेरोलवर बसून राहतो, स्ट्रेच करायची सोय नाही. मिलवॉकी बक्सने २०२५ मध्ये काय केलं, लिलार्डची दोन वर्षं आणि सुमारे ११३ मिलियन बाकी होते, त्याला वेव्ह केलं, म्हणजे करार संपायच्या आतच सोडून दिलं, आणि ते पैसे पाच वर्षांवर पसरवले (यालाच स्ट्रेच म्हणतात), वर्षाला साडेबावीस मिलियनच्या आसपास, आणि मोकळ्या झालेल्या जागेत इंडियानाचा माइल्स टर्नर आणला. लिलार्ड परत पोर्टलँडला जाऊन सही करून बसला, बक्सचे पैसे चालूच. धाडस म्हणा नाहीतर कर्ज काढून सण साजरा करणं म्हणा, पण निदान पर्याय तरी होता. गेममध्ये असा करार गळ्यात पडला की एकच रस्ता, दुसऱ्या टीमला सोबत एखादा ड्राफ्ट पिक देऊन तो माणूस खपवायचा. त्यासाठी ट्रेड स्क्रीनवर एक बटण आहे, हा सौदा जमायला अजून काय लागेल असं विचारणारं, ते दाबलं की कॉम्प्युटर नेमका तुमचा सगळ्यात लाडका तरुण पोरगा मागतो. ट्रेडिंग ब्लॉक त्यापेक्षा बरा, खेळाडू ठेवायचा आणि सगळ्या टीमच्या ऑफर एकदम बघायच्या, त्यात कधीकधी खरंच घबाड सापडतं.

यावर उपाय गेममध्येच आहे आणि नवीन माणसाला तो लवकर सापडत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. लीग बनवताना सॅलरी कॅपचा प्रकार बदलता येतो, सॉफ्टच्या ऐवजी हार्ड करा. मग स्वतःच्या खेळाडूसाठी पण कॅप ओलांडता येत नाही, लक्झरी टॅक्सची पळवाट संपते, आणि दर उन्हाळ्याला तुमच्याच तीन चांगल्या खेळाडूंपैकी कोणाला जाऊ द्यायचं हे ठरवावं लागतं. एप्रनचे बारकावे नाहीत पण बॉस्टनला जे वाटलं असेल त्याच्या जवळपासचं काहीतरी वाटतं. त्यात डिफिकल्टी हार्डवर ठेवा, इन्सेन पण आहे पण तिथे ट्रेड जवळपास होतच नाहीत असं वाटायला लागतं. गॉड मोड नावाचा प्रकार आहे, सगळं मनासारखं बदलता येतं, नियम तपासून बघायला ठीक, खेळायला नको.

नवीन लोकांसाठी अजून दोनतीन गोष्टी, मग थांबते. लीगचा सगळा डेटा तुमच्या ब्राउझरमध्ये साठतो, त्यामुळे ब्राउझर साफ करायची सवय असेल तर लीग अधूनमधून एक्सपोर्ट करून फाईल ठेवत जा, नाहीतर वीस वर्षांचा इतिहास एका क्लिकमध्ये गायब. सीझन सुरू व्हायच्या आत रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) १५ वर आणावा लागतो, ड्राफ्टमध्ये हावरटासारखे पिक जमवले असतील तर तेव्हा रडायची वेळ येते, म्हणून दुसऱ्या राउंडचे पिक आधीच कुठल्यातरी ट्रेडमध्ये ढकलून द्या. आणि ३० च्या पुढच्या खेळाडूला तीन वर्षं द्यायची वेळ आली तर रेटिंगच्या आधी करार कुठल्या साली संपतो तो कॉलम बघा.

मोबाईलवर टेबलं जरा आडवी सरकवावी लागतात, मोठ्या स्क्रीनवरच मजा. कोणी विचारलं की एवढं चांगलं वाटतं तर पाचपैकी किती, तर साडेचार देईन, अर्धा कापला तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सीसाठी. हॉकी, अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉलचे पण असेच गेम त्याच घराण्यात आहेत, पण १५ जणांच्या रोस्टरमध्ये एका माणसाच्या सहीने जेवढं उलटंपालटं होतं तेवढं त्यांच्यात होत नाही, त्यामुळे मी तिकडे फार रमले नाही. हार्ड कॅपची माझी लीग आत्ता फ्री एजन्सीच्या बाराव्या दिवशी उभी आहे, यादीत ५४ चा एक सेंटर शिल्लक आहे, मनीवाला, आणि तो अजून माझ्या कॅपपेक्षा थोडा जास्तच मागतोय.